नवं हवामान मॉडेल वापरात आणण्याआधी शास्त्रज्ञांच्या शंका कशा तपासाव्यात

जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनासाठी किंवा कृषी सल्ल्यासाठी पावसाचं नवं मॉडेल आणायचं ठरलं की हवामानशास्त्राची माणसं शंका काढतात आणि मॉडेल आणणारी मंडळी त्यांना स्लाइड दाखवतात. स्लाइडनं शंका फिटत नाही. जुनं आणि नवं मॉडेल एक अख्खा मान्सून बरोबरीनं चालवावं लागतं, आणि निकाल कशावर लावायचा हे १ जूनच्या आत लिहून ठेवावं लागतं. तो कागद शंका घेणाऱ्यांनीच लिहावा. मॉडेल बनवणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा त्यात हात नको.

शंका मोजता येईल अशी लिहा

"हे मॉडेल घाटातला पाऊस कमी दाखवतं" हे वाक्य तपासता येत नाही. "घाटमाथ्यावरच्या केंद्रांवर २४ तासांत ६४.५ मिमी किंवा जास्त पाऊस जितके दिवस नोंदला गेला, त्याच्या ८० ते १२० टक्के दिवस मॉडेलनं सांगितले का?" हे तपासता येतं. ६४.५ हा भारतीय हवामान विभागाचा मुसळधार पावसाचा उंबरठा आहे, ११५.६ हा अतिमुसळधारचा. आपले वेगळे उंबरठे काढू नका, नाहीतर जुन्या इशाऱ्यांशी तुलनाच होणार नाही.

जाळीच्या, म्हणजे मॉडेल प्रदेशाचे ज्या चौकटींत तुकडे करून गणित मांडतं त्यांच्या, आकाराची शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम २०२५ च्या मे महिन्यात ६ किमी जाळीवर सुरू झाली. त्याआधीचं जागतिक मॉडेल १२ किमीचं होतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि सरळ रेषेत २५ किमीवरच्या वाईला हजाराच्याही आत. एवढी उतरंड १२ किमीच्या दोन चौकटींत मावत नाही. पण ६ किमीची जाळी म्हणजे ६ किमीचा तपशील खरा, असंही नाही. मॉडेलला खरं आकलन होतं ते काही चौकटींच्या पट्ट्यावर. म्हणून एका गावाचा आकडा नव्हे, मंडळ किंवा तालुका तपासा.

आधी पर्जन्यमापक, मग मॉडेल

निम्मे वाद मॉडेलचे नसतात, नोंदींचे असतात. स्वयंचलित केंद्रातला पलटणाऱ्या कपाचा पर्जन्यमापक मे महिन्यात तपासून घ्या. नरसाळ्याचा व्यास २० सेमी असेल तर १० मिमी पाऊस म्हणजे ३१४ मिली पाणी. कप ०.२ मिमीचा असेल तर एवढ्या पाण्यात ५० पलट्या व्हायला हव्यात. पाणी थेंबाथेंबानं अर्ध्या तासात सोडा आणि पलट्या मोजा. ४८ ते ५२ च्या बाहेर गेलं तर कपाचे स्क्रू जुळवा. मग तेवढंच पाणी चार मिनिटांत सोडा. आता पलट्या कमी भरतील, कारण कप उलटत असतानाही धार त्यातच पडत राहते. म्हणजे सर्वांत जोराच्या पावसातच यंत्र कमी मोजतं, आणि त्याचं खापर "मॉडेल जास्त दाखवतं" म्हणून मॉडेलवर फुटतं.

पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा, गांधीलमाशीचं घरटं यांनी नरसाळं तुंबलं की केंद्र शून्य पाठवतं. आजूबाजूच्या तीन केंद्रांवर पाऊस आहे, इथली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर आहे आणि तरी पाऊस शून्य, तर ती नोंद "उपलब्ध नाही" अशी धरा.

वेळेची चूक याहून जास्त वेळा होते. आपला पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते ८.३०. ०० यूटीसीचं (यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपल्या पहाटे ५.३० चं मॉडेल घेतलं तर पहिला दिवस म्हणजे अंदाजाचा ३ रा ते २७ वा तास. ० ते २४ घेतलं की तीन तास सरकतात आणि पहाटेची जोरदार सर भलत्याच तारखेला लागते.

कोणते गुण पाहायचे

"अचूकता ९७ टक्के" हा आकडा कुणी पुढे केला तर चौकोनी तक्ता मागा: किती जुळले, किती हुकले, किती खोटे निघाले आणि किती वेळा सांगितलाही नाही, पडलाही नाही. समजा ३० केंद्रं, १२२ दिवस, म्हणजे ३,६६० नोंदी. मुसळधार १०० वेळा झाला, मॉडेलनं ९० वेळा सांगितला, त्यांतले ४५ जुळले. ५५ हुकले, ४५ खोटे निघाले. अचूकता ९७.३ टक्के! पण "मुसळधार कधीच पडणार नाही" असं रोज सांगणाऱ्याचीही अचूकता नेमकी ९७.३ टक्केच येते. अमेरिकेत १८८४ मध्ये फिनली या हवामान अधिकाऱ्याच्या टोर्नेडोच्या (चक्री वावटळीच्या) अंदाजांबाबत हेच घडलं होतं. ते अंदाज ९६.६ टक्के अचूक होते, आणि "टोर्नेडो नाही" एवढंच म्हणत राहिलं असतं तर ९८.२ टक्के.

खरे आकडे वेगळेच. पडलेल्यांपैकी आधी सांगितलेले, म्हणजे पीओडी: ०.४५. सांगितलेल्यांपैकी खोटे, म्हणजे एफएआर: ०.५०. सीएसआय, म्हणजे जुळलेले भागिले जुळलेले, हुकलेले आणि खोटे यांची बेरीज: ४५ भागिले १४५, म्हणजे ०.३१. हेच तीन आकडे जुन्या मॉडेलचे आणि "काल पडला तसा आज पडेल" या अंदाजाचेही काढा. शेजारी तुलना नसेल तर ०.३१ चा अर्थच लागत नाही.

बारीक जाळीच्या मॉडेलवर इथे एक अन्याय होतो. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी नोंदला गेला, कुलाब्याला ७४ च्या आसपास. एखाद्या मॉडेलनं तोच पाऊस २० किमी दक्षिणेला दाखवला असता तर अतिमुसळधारच्या उंबरठ्यावर त्याला दोनदा दंड झाला असता: सांताक्रूझला हुकला म्हणून आणि कुलाब्याला खोटा ठरला म्हणून. पाऊसच न दाखवणाऱ्या मॉडेलला दंड एकच. म्हणून आजूबाजूच्या ३×३ आणि ५×५ चौकटी धरून फ्रॅक्शन्स स्किल स्कोअरही काढा; तो नेमकी चौकट न पाहता आजूबाजूच्या किती चौकटींत पाऊस सांगितला आणि किती चौकटींत पडला याची तुलना करतो.

एआय मॉडेल असेल तर

ग्राफकास्टसारखी एआय मॉडेलं ईआरए५ या जागतिक हवामानाच्या फेरमांडणी केलेल्या संचातल्या जुन्या नोंदींवर शिकलेली असतात. शिकवणीत वापरलेल्या वर्षांवर त्यांची परीक्षा घेऊ नका. सुरुवातीची स्थितीही त्या दिवशी प्रत्यक्ष हातात असलेल्या विश्लेषणाचीच (निरीक्षणांवरून मांडलेल्या हवामानस्थितीची) द्या. महिन्यांनी सुधारलेल्या नोंदी देऊन मिळवलेले गुण कामाचे नाहीत. सरासरी वर्ग-चूक (चुकांच्या वर्गांची सरासरी) कमी करायला शिकलेलं मॉडेल दूरच्या मुदतीला, म्हणजे बरेच दिवस पुढच्या अंदाजात, पाऊस गुळगुळीत करतं: चूक कमी दिसते आणि अतिमुसळधार गायब होतो. मुदतीच्या प्रत्येक दिवसाला ११५.६ चा उंबरठा किती वेळा ओलांडला गेला ते वेगळं मोजा.

३,६६० नोंदी म्हणजे ३,६६० स्वतंत्र पुरावे नव्हेत. एका कमी दाबाच्या पट्ट्यात सगळा जिल्हा एकदम भिजतो. पाच ते सात दिवसांचे सलग गट करून ते हजार वेळा फेरनिवडीनं (चिठ्ठी काढून, निघालेला गट परत टाकून) घ्या आणि दोन मॉडेलांमधल्या फरकाची कक्षा काढा. कक्षेत शून्य येत असेल तर "नवं चांगलं" म्हणू नका, आणखी एक हंगाम चालवा. तोवर मॉडेलची आवृत्ती गोठवा. जुलैत सुधारित आवृत्ती चढवली तर जूनचे आकडे बाद धरा.

दोन मॉडेलांचं पटलं नाही त्या दिवसांची वेगळी वही ठेवा: तारीख, दोघांचे आकडे, प्रत्यक्ष पाऊस, आणि त्या दिवशी इशारा कुणी कशावरून दिला. चाचणीच्या काळात अधिकृत इशारा जुन्याच पद्धतीनं जाऊ द्या.