लढाईच्या (दुसऱ्या महायुद्धाच्या) काळात आजोबा मुंबईत नक्की कुठे कामाला होते, ते कसं शोधायचं

"आजोबा लढाईच्या टायमाला गोदीत होते." एवढ्या एका वाक्यावर लोक थेट पुराभिलेखागार (जुने सरकारी कागद जपणारं ऑफिस) गाठतात आणि हात हलवत परत येतात. दुसरा फेमस सल्ला म्हणजे पीएफ ऑफिसात विचारा. अहो, पीएफचा कायदाच १९५२ चा, १९४३ च्या गिरणी कामगाराचं तिथे काय सापडणार?

घरातले कागद आधी काढा: भाडेपावत्या, शाळेचे दाखले, आणि गावाकडच्या ट्रंकेत असतील तर मनीऑर्डरची कूपनं, कारण त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोस्टाचा शिक्का असतो. कोकणातले चाकरमानी गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे आणि खोली बहुतेक कामाच्या आसपासच, त्यामुळे खोली कळली की अर्धं काम झालं. गावाच्या मंडळाची जुनी वही कुणाकडे असेल तर तीही बघा.

आता खरी कटकट. घरच्यांना "कुठे कामाला होते?" असं विचारूच नका. पन्नास वर्षं घोटलेलं तेच उत्तर मिळतं, गोदीत, मिलमध्ये, मिलिटरीत, आणि यातल्या एकाही शब्दावर भरवसा ठेवू नका. गोदी म्हणजे व्हिक्टोरिया डॉक, प्रिन्सेस डॉक, अलेक्झांड्रा डॉक (आताचा इंदिरा डॉक), माझगाव डॉक की नेव्हीचं डॉकयार्ड? पहिले तीन पोर्ट ट्रस्टचे, बाकी दोघांचे मालक वेगळे, म्हणजे कागदही वेगवेगळीकडे. "परळचं वर्कशॉप" तर त्याहून वाईट, एक जीआयपी रेल्वेचं म्हणजे आताच्या सेंट्रलचं, दुसरं लोअर परळला बीबीसीआयचं म्हणजे आताच्या वेस्टर्नचं, आणि घरात दोन्हीला परळच म्हणतात. "मिलिटरीत" म्हणजे वर्दी घातलीच असं नाही, गिरण्यांमध्येही लष्कराच्या ऑर्डरी जोरात होत्या.

त्यापेक्षा अंगाला चिकटलेल्या गोष्टी विचारा. माझ्या आत्याला कंपनीचं नाव अजिबात आठवत नव्हतं. मी विचारलं, "आत्या, आजोबा घरी आले की आधी काय करायचे?" ती पटकन म्हणाली, "दारातच सदरा झटकायचे, आई ओरडायची, केसांत सगळा कापूस." वर्कशॉप तिथेच बाद झालं. पण लगेच गिरणीवर शिक्का मारू नका, कापूस कॉटन ग्रीनच्या गोदामांतही होता आणि गोदीतल्या गाठींवरही. म्हणून पुढचे प्रश्न: भोंगा ऐकू यायचा का, रात्रपाळी होती का, चालत जायचे की ट्रामने, पगाराच्या दिवशी येताना कुठल्या बाजारातून काय आणायचे. दोन-तीन उत्तरं एकाच जागेकडे बोट दाखवायला लागली की थांबा. आणि प्लीज, सगळ्या भावंडांना एकत्र बसवून विचारू नका, मोठा काका बोलला की बाकीचे माना डोलावतात.

रस्त्यांची नावं जुनीच सांगतात, ती बदलून घ्या: डिलाइल रोड म्हणजे ना. म. जोशी मार्ग, फ्रियर रोड म्हणजे पी. डिमेलो रोड.

गोदीचा स्फोट हा सगळ्यात मोठा खड्डा आहे. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज उडालं. जहाजात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटासुद्धा होत्या, त्यामुळे मुंबईतल्या अर्ध्या घरांत "आजोबा थोडक्यात वाचले" आणि "शेजाऱ्याला वीट सापडली" आहेच. गोष्ट खोटी असते असं नाही, पण आवाज सगळ्या शहराने ऐकला होता आणि पुढे प्रत्येक घराने आजोबांना थोडं थोडं डॉकच्या जवळ सरकवलं. माझी परीक्षा सोपी आहे: "स्फोटानंतरच्या आठवड्यात आजोबा कामाला कुठे जायचे?" व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस डॉकची पार वाट लागली होती, दुरुस्तीला कित्येक महिने गेले. तिथला माणूस एकतर ढिगारे उपसत होता नाहीतर घरी बसून होता. डबा घेऊन रोजच्यासारखा गेला असेल तर जागा दुसरी शोधा. वेळ जुळत नाही म्हणून मात्र कुणाला खोटं पाडू नका, लढाईत स्टँडर्ड टाइम तासभर पुढे केला होता आणि जुना बॉम्बे टाइमही (मुंबईची स्वतःची वेगळी वेळ) लोकांच्या तोंडी होताच.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सगळं सापडेल ही आशाही सोडा, तेव्हा बातम्यांवर सेन्सॉर होता, म्हणून मे महिन्याचे अंकही चाळा.

एवढं झाल्यावर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागारात जा. ओळखपत्र न्या, आजोबांचं नाव सांगत बसू नका, खातं, जागा आणि साल सांगा. जीआयपी, बीबीसीआयच्या माणसासाठी रेल्वेकडे वेगळा अर्ज करा. आणि आत्याचं रेकॉर्डिंग तारीख घालून दोघा-तिघांकडे पाठवून ठेवा, एकाच मोबाइलवर नको.