मोरजीची मचूळ विहीर

एप्रिल लागला की गोव्याच्या किनाऱ्यावरच्या आमच्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं, साबणाला फेस येईना. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीवर १ मीटर गोडं पाणी असलं, तर खाली साधारण ४० मीटर. म्हणजे वर जरा जास्त उपसा केला की खालून खारं चढलंच!

दीडचा पंप काढून अर्ध्या एचपीचा बसवला, फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या खालच्या तोंडाची झडप) तळापासून बराच वर घेतला. टाकी आता एकदम न भरता दोन टप्प्यांत भरते. पावसाळ्यात कौलांच्या पन्हळीचं पाणी रेती-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडतो, पहिल्या सरीचं मात्र बाहेर. कावळ्यांची घाण कोण पिणार? टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आसपास राहतो. शेजारचा बोअर धडधडला की चढतो, त्याला इलाज नाही.