‘मला रंग दिसत नाही’: थेरपिस्टांनो, या चुका टाळा

लंडनमध्ये मी शिकाऊ थेरपिस्टांना सुपरव्हिजन देते, म्हणजे त्यांच्या केसेसवर मार्गदर्शन करते. दर सप्टेंबरला नवी तुकडी येते आणि दिवाळीच्या आत कुणीतरी गोरं पोर म्हणतंच, “मला रंग दिसत नाही, फक्त माणूस दिसतो.” अरे बाबा, तुला तो बघायची वेळच आली नाही. दुकानात गार्ड मागे मागे फिरतो तेव्हा क्लायंटला तो रंग बरोबर दिसतो. (आपल्याकडेही ‘आम्ही जात मानत नाही’ म्हणणाऱ्यांची आडनावं बहुधा माझ्यासारखीच असतात.)

पण माझं डोकं फिरवणारी चूक वेगळी आहे: बाहेर घडलेलं क्लायंटच्या मनातलं ठरवणं. एका हुशार गोऱ्या ट्रेनीकडे कृष्णवर्णीय क्लायंट बारा मिनिटं उशिरा पोचला. (तपशील बदललेत.) गाडीची किल्ली टेबलावर ठेवत म्हणाला, “पोलिसांनी अडवलं.” हिने काय विचारावं? “आज इथे यायला मन तयार नव्हतं का?” तो किल्लीकडे बघत बसला. पुढच्या आठवड्यात येऊन हवापाण्याचं बोलला, मग आलाच नाही. हिच्या वहीत ठळक अक्षरांत ‘रेझिस्टन्स’, म्हणजे क्लायंटचं मनच थेरपीला विरोध करतंय. आणि ते वाचून आधी मीही मान डोलावली होती. 1851 साली सॅम्युएल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलाम पळून जातात याला ‘ड्रॅपेटोमेनिया’ हा आजार ठरवलं. वर्गात आम्ही त्याला हसतो, आणि वहीत तेच करतो.

त्या क्लायंटपासून मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते. डावीकडे काय घडलं, उजवीकडे मला काय वाटलं. डावी बाजू कोरी असेल तर उजवी खोडायची. इंग्लंडमध्ये मेंटल हेल्थ ॲक्टखाली रुग्णालयात सक्तीने दाखल होण्याचं कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या तीनपटीहून जास्त आहे. तुमच्या वहीकडे कृष्णवर्णीय क्लायंट संशयाने बघणारच.

क्लायंटसमोर रडून माफी मागू नका. टिश्यू त्यालाच पुढे करावा लागतो, वर फीही त्याचीच.

‘तुमच्या समाजाबद्दल सांगा ना’ नको. वाचा.

वंशभेदावरच्या शनिवारच्या एका कार्यशाळेचं सर्टिफिकेट भिंतीवर लावणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

आणि ‘त्यांच्यातले लोक या कोर्सला अर्जच करत नाहीत’ हे तर नकोच. कोर्सची फी, शिकताना स्वतः घ्यायच्या थेरपीचा खर्च, वर किमान शंभर तासांची, बहुधा बिनपगारी, प्लेसमेंट (प्रत्यक्ष क्लायंटबरोबरचा सराव). रात्रपाळी करून घर चालवणाऱ्या बाईने हे तास कुठून आणायचे, ते आधी मला सांगा.