विलीनीकरणावर प्रोजेक्ट करताय? मग या चुका टाळा

"मॅडम, इंडाल घालून बघितलं, काहीच सापडेना झालंय."

प्रोजेक्टचे दिवस आले की ग्रंथालयाच्या टेबलापाशी हे वाक्य थोड्याफार फरकानं ऐकू येतंच. बोलणारा कधी खानापूरचा असतो, कधी निपाणीचा, कधी उचगावहून रोज बसनं येणारा. विषय त्यानं चांगला निवडलेला असतो, कारण तो घराजवळचा असतो. बेळगावातली जुनी माणसं इथल्या अॅल्युमिना कारखान्याला आजही इंडालच म्हणतात. पण डेटाबेसला आपल्या बोलण्यातली नावं ठाऊक नसतात. दोन दिवस वाया गेल्यावर मुलं माझ्याकडे येतात, आणि तोवर अर्धा उत्साह मावळलेला असतो. ते मला खरंच बघवत नाही. म्हणून वर्षानुवर्षं दिसलेल्या चुका एकदा नीट लिहून काढते आहे.

एका नावामागे तीन व्यवहार

इंडालचंच उदाहरण घेऊ, कारण त्यात जवळजवळ सगळं शिकण्यासारखं आहे. इंडाल म्हणजे इंडियन अॅल्युमिनियम कंपनी. बेळगावचा अॅल्युमिना कारखाना १९६९ मधला. 'इंडालचं टेकओव्हर' असं शोधलं की बातम्यांचा ढीग समोर येतो आणि मुलं त्यातली पहिली बातमी उचलतात. ती बहुतेक वेळा १९९८ ची असते. त्या वर्षी स्टरलाइटनं इंडालवर ताबा मिळवायचा प्रयत्न केला. कंपनीतली मोठी भागधारक, कॅनडाची अल्कॅन, आडवी उभी राहिली, तिनं स्वतःचा हिस्सा वाढवला आणि स्टरलाइटला माघार घ्यावी लागली. म्हणजे तो व्यवहार झालाच नाही.

खरा ताबा गेला २००० मध्ये. अल्कॅननं आपला बहुसंख्य हिस्सा हिंडाल्कोला विकला. मालक बदलला, पण इंडाल ही कंपनी कागदोपत्री तशीच राहिली. तिचा ताळेबंद वेगळा, तिचा वार्षिक अहवाल वेगळा. २००५ मध्ये तिचे व्यवसाय हिंडाल्कोत विलीन झाले, तेही तेव्हाच्या आंध्रातला, आता तेलंगणात असलेला, कोल्लूरचा फॉइल कारखाना वगळून.

आता या तीन गोष्टींना एकच शब्द लावून चालेल का? पहिला फसलेला ताबा, दुसरं अधिग्रहण, तिसरी न्यायालयाच्या मंजुरीची पुनर्रचना. प्रत्येकाचे कागद वेगळ्या जागी आहेत. पहिल्या दोघांसाठी शेअर बाजाराचे आणि सेबीचे कागद, तिसऱ्यासाठी उच्च न्यायालयाचा आदेश आणि हिंडाल्कोचा वार्षिक अहवाल. "विलीनीकरण २००० मध्ये झालं" असं लिहून त्यानंतरच्या हिंडाल्कोच्या नफ्याची आधीच्या नफ्याशी तुलना केलेले प्रोजेक्ट मी पाहिले आहेत. त्यांतलं एकही गुणोत्तर बरोबर नव्हतं.

यातच आणखी एक चूक लपलेली असते. आजचा नियम कालच्या व्यवहाराला लावायचा. सध्याचे सेबीचे टेकओव्हर नियम २०११ चे: २५ टक्के हिस्सा गाठला की किमान २६ टक्क्यांची ओपन ऑफर, म्हणजे बाकीच्या भागधारकांकडून शेअर विकत घेण्याचा जाहीर प्रस्ताव. इंडालच्या वेळी १९९७ चे नियम होते. २००० मध्ये ही मर्यादा १५ टक्के होती आणि ऑफर किमान २० टक्क्यांची. पाठ्यपुस्तकातली २५ आणि २६ ही जोडी पाठ असते, म्हणून ती सगळीकडे चिकटवली जाते. रेणुका शुगर्सवर काम करत असाल तर मात्र ती लागू होते, कारण सिंगापूरची विल्मर तिथं २०१४ मध्ये आली आणि २०१८ मध्ये बहुसंख्य भागधारक झाली.

शोधपट्टीत काहीच येत नाही तेव्हा

आधी गावाचं स्पेलिंग बघा. सरकारी इंग्रजी कागदांत १ नोव्हेंबर २०१४ पर्यंत 'बेलगाम' होतं, त्यानंतर 'बेळगावी' आलं. आपण बेळगाव म्हणतो आणि म्हणत राहू, पण शोधताना दोन्ही इंग्रजी स्पेलिंगं घालावी लागतात. एकच घातलं तर जुने कागद तरी निसटतात किंवा नवे तरी.

नंतर कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव आणि तिचा सीआयएन, म्हणजे २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, मिळवा. नाव बदललं तरी या क्रमांकातलं स्थापनेचं वर्ष आणि शेवटचे सहा अंक सहसा तेच राहतात, त्यामुळे कंपनीचा माग लागतो. पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं आणि मधली दोन अक्षरं राज्य. कर्नाटकाचं केए. महाराष्ट्राचं एमएच, पण पुण्याच्या कंपनी निबंधकाकडे नोंदलेल्या बऱ्याच कंपन्यांना पीएन असतं. आपल्या भागासाठी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण सीमेवर कारखाना एका राज्यात आणि नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात हा प्रकार नवा नाही. उगार शुगरचा कारखाना उगार खुर्दला, म्हणजे बेळगाव जिल्ह्यात. नोंदणीकृत कार्यालय सांगलीत. अशा कंपनीचा विलीनीकरणाचा अर्ज शोधायला एनसीएलटीच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, बंगळूर खंडपीठाची पानं चाळत बसलात तर हाती काही लागणार नाही. तो मुंबई खंडपीठाकडे जातो. कारखाना कुठं आहे याला इथं महत्त्व नाही.

जाहीर नोटिसांचंही तसंच. विलीनीकरणाच्या योजनेची नोटीस एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात द्यावी लागते, आणि स्थानिक भाषा नोंदणीकृत कार्यालयाच्या राज्याप्रमाणे ठरते. बेळगावात नोंदलेल्या कंपनीची नोटीस कन्नड दैनिकात असेल, सांगलीतल्या कंपनीची मराठीत. आपल्या घरी येणाऱ्या पेपरात नाही म्हणून नोटीसच निघाली नाही, असं समजू नका. कन्नड वाचता येत नसेल तर वर्गमित्राला शेजारी बसवा. पानभर मजकूर असतो, दहा मिनिटांत होतो.

आणि वर्ष बघा. कंपनी कायदा २०१३ मधली विलीनीकरणाची कलमं, २३० पासून पुढची, १५ डिसेंबर २०१६ ला लागू झाली. त्याआधीच्या योजना १९५६ च्या कायद्याच्या कलम ३९१ ते ३९४ खाली उच्च न्यायालयात जात. २००५ च्या व्यवहाराचा एनसीएलटी आदेश मागणाऱ्या मुलांना मला दरवर्षी परत पाठवावं लागतं.

बँकांसाठी दार वेगळं

आपल्याकडे बँकांचं विलीनीकरण हा आवडता विषय आहे, आणि ते स्वाभाविक आहे. सीमाभागातल्या कितीतरी घरांत जुनी पासबुकं असतील ज्यांवरची बँक आता नाही. कुरुंदवाडची गणेश बँक २००६ मध्ये फेडरल बँकेत गेली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न त्याच वर्षी आयडीबीआयमध्ये. सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत. आणि अगदी अलीकडे, १ मे २०२५ ला, धारवाडची कर्नाटक विकास ग्रामीण बँक आणि बळ्ळारीची कर्नाटक ग्रामीण बँक मिळून एक झाल्या.

यांतला एकही व्यवहार एनसीएलटीत किंवा कंपनी कायद्याच्या कलमांत सापडणार नाही. सांगली बँकेचं विलीनीकरण बँकिंग नियमन कायदा १९४९ च्या कलम ४४ए खालचं, म्हणजे स्वेच्छेचं: भागधारकांचा दोन तृतीयांश मूल्याचा ठराव आणि रिझर्व्ह बँकेची मंजुरी. गणेश बँक आणि युनायटेड वेस्टर्न कलम ४५ खाली गेल्या. आधी व्यवहारांवर स्थगिती, मग सक्तीची योजना. सिंडिकेट बँक सरकारी, तिचं विलीनीकरण राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याखालच्या योजनेनं. ग्रामीण बँकांचं १९७६ च्या त्यांच्या स्वतंत्र कायद्याखालच्या अधिसूचनेनं. म्हणून बँकेवर काम करणाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेची प्रसिद्धिपत्रकं आणि भारताचं राजपत्र इथून सुरुवात करावी. 'बँकांचं विलीनीकरण' म्हणून या पाचांना एका तक्त्यात कोंबण्याआधी कोणती आपखुशीनं झाली आणि कोणती बुडता बुडता वाचवली, हे स्वतःला विचारा. नंतरच्या नफ्याचं स्पष्टीकरण बहुतेक वेळा तिथंच असतं.

विलीन झालेल्या बँकेचे आकडे मिळत नाहीत ही दुसरी तक्रार. कंपनीच्या डेटाबेसमध्ये सुरुवातीची गाळणी बऱ्याचदा फक्त चालू कंपन्यांवर लावलेली असते. ती काढा, बंद आणि विलीन झालेल्या कंपन्याही दिसू द्या. तरीही नाही मिळालं तर रिझर्व्ह बँकेचे बँकनिहाय वार्षिक तक्ते आहेत, तिथं नामशेष झालेल्या बँकाही त्या त्या वर्षात जिवंत आहेत. सांगली बँकेचं विलीनीकरण १९ एप्रिल २००७ ला अमलात आलं, म्हणून आयसीआयसीआयच्या मार्च २००७ च्या ताळेबंदात सांगली बँक धरलेली नाही. एवढ्या एका तारखेनं अख्खं प्रकरण चुकू शकतं.

पतसंस्था आणि सहकारी कारखान्यांचे कागद सहकार निबंधकाकडे. संस्था दोन्ही राज्यांत काम करणारी बहुराज्य असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे.

घोषणा म्हणजे पूर्तता नव्हे

एका व्यवहाराला निदान चार तारखा असतात: संचालक मंडळाची मंजुरी आणि शेअर बाजाराला दिलेली माहिती, न्यायाधिकरणाचा आदेश, हिशेबासाठी धरलेली अपॉइंटेड डेट आणि प्रत्यक्ष अमलात आल्याची इफेक्टिव्ह डेट. शेअरच्या भावावरचा परिणाम मोजायचा असेल तर घोषणेची तारीख धरा, कारण बाजार तेव्हाच हलतो. ताळेबंदाची तुलना करायची असेल तर अपॉइंटेड डेट. एचडीएफसी आणि एचडीएफसी बँक यांची घोषणा ४ एप्रिल २०२२ ची, अंमल १ जुलै २०२३ चा. मधलं सव्वा वर्ष नजरेआड केलं तर निष्कर्ष हवेतले होतात.

झी आणि सोनीचं उदाहरण तर प्रत्येकानं वाचावं. करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला. एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठानं ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरीही दिली. आणि जानेवारी २०२४ मध्ये सोनीनं करार रद्द केला. जुन्या बातम्यांवर थांबलेल्या प्रोजेक्टमध्ये हे विलीनीकरण अजून यशस्वी आहे.

किंमत लिहिताना

हिंडाल्कोनं २००७ मध्ये नोव्हेलिस ही परदेशी अॅल्युमिनियम कंपनी घेतली, ती किती रुपयांना? कुठं ६ अब्ज डॉलर दिसेल, कुठं साडेतीनच्या आसपास. दोन्ही बरोबर आहेत. सहा अब्जांत नोव्हेलिसवरचं सुमारे २.४ अब्ज डॉलरचं कर्ज धरलेलं आहे, दुसरा आकडा फक्त शेअरसाठी मोजलेल्या पैशांचा. दोन डेटाबेसांत तफावत दिसली की एक खोटा ठरवू नका. कर्ज धरलंय का, पूर्ण कंपनीची किंमत आहे की काही टक्क्यांची, हे तपासा. मग एककं. दशलक्ष म्हणजे दहा लाख, अब्ज म्हणजे शंभर कोटी. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवर्षी एका तक्त्यात तरी शून्यं चुकतात.

एकल (फक्त त्या कंपनीचा) आणि एकत्रित (उपकंपन्या धरून केलेला) ताळेबंद मिसळू नका. साखर कंपन्यांबाबत आणखी एक काळजी: अनेकांचं हिशेबवर्ष पूर्वी सप्टेंबरअखेर संपायचं. ते मार्चवर आणताना मधलं एखादं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. ते ओळखल्याशिवाय वाढीचा दर काढू नका.

पासवर्ड आहे, पण कशाचा?

महाविद्यालयातून एन-लिस्टचा पासवर्ड मिळाला की सगळं मिळालं असं मुलांना वाटतं. एन-लिस्टवर नियतकालिकं आणि ई-पुस्तकं आहेत. त्यातून लेख वाचा, आधी कुणी काय तपासलं ते समजून घ्या. कंपन्यांचे आकडे देणारे प्रोवेस किंवा कॅपिटालाइन वेगळे, त्यांची वर्गणी वेगळी. आपल्या ग्रंथालयात ते नसतील तर जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत का, याची चौकशी ग्रंथपालाकडून पत्र घेऊन करा. जाण्याआधी कंपन्यांची यादी, वर्षं आणि हवे असलेले रकाने कागदावर लिहून न्या. मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण मुलं कोल्हापूरपर्यंत जाऊन कोणतं वर्ष हवं तेच न ठरवल्यानं रिकाम्या हातानं परतलेली मी पाहिली आहेत.

एका रात्रीत शेकडो लेख उतरवून घेऊ नका. एकदा आमच्या एका विद्यार्थ्यानं ते केलं आणि अख्ख्या महाविद्यालयाचा प्रवेश काही दिवस बंद झाला, ऐन सादरीकरणाच्या आठवड्यात.

शोधगंगेवर विलीनीकरणाचे प्रबंध मिळतात. त्यांची संदर्भसूची घ्या, आकडे घेऊ नका. आकडे मूळ वार्षिक अहवालातून, आणि नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. योजनेचा मसुदा आणि मूल्यांकन अहवालही नोंदलेल्या कंपनीला संकेतस्थळावर ठेवावा लागतो. २०११ नंतरचा मोठा व्यवहार असेल तर स्पर्धा आयोगाचा आदेश वाचा. दोन कंपन्या नेमक्या कोणत्या मालात एकमेकींशी भिडतात ते तिथं सोप्या भाषेत मांडलेलं असतं.

उद्यमबागचं काय?

काही मुलांना बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवर, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यावर, लिहायचं असतं. एकानं दुसऱ्याचा कारखाना घेतला, सगळ्या गावाला माहीत, आणि डेटाबेसमध्ये ओळसुद्धा नाही. कारण ती बहुधा कंपनी नसतेच. भागीदारी असते किंवा एकट्याची मालकी. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडं शुल्क भरून तिचे दाखल केलेले ताळेबंद बघता येतात. भागीदारी असेल तर फर्मच्या निबंधकाकडे फार तर भागीदार कधी बदलले एवढं मिळेल. किंमत कुठंच मिळणार नाही. अशा वेळी मालकाला भेटायला जा, प्रश्न आधी लिहून न्या, आणि जे आकडे छापणार आहात त्यांच्यासाठी त्यांची लेखी परवानगी घ्या. ते पत्र प्रोजेक्टच्या परिशिष्टात लावा.