उतरत्या वयाच्या स्टारचा ट्रेडमधला भाव कसा काढायचा

ट्रेड म्हणजे संघांनी आपसांत केलेली खेळाडूंची अदलाबदल. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा स्टार केविन ड्युरांट याचे दोन भाव शेजारी ठेवून पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रुकलिनने त्याला फिनिक्सला दिलं, तेव्हा ब्रुकलिनला मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर, चार विनाअट फर्स्ट राउंड पिक आणि २०२८ चा एक स्वॅप मिळाला. (पिक म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचा हक्क, स्वॅप म्हणजे समोरच्या संघाचा पिक चांगला असेल तर आपल्या पिकशी बदलून घेण्याचा हक्क.) २०२५ च्या उन्हाळ्यात फिनिक्सने त्याला ह्यूस्टनला दिलं, तेव्हा हाती आलं ते जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स, दहावा पिक आणि पाच सेकंड राउंड पिक. त्यातला दहावा पिक तर मुळात फिनिक्सचाच. २०२३ मध्ये ब्रुकलिनला गेलेला, तिथून ह्यूस्टनकडे आणि फिरून घरी!

बरं, खेळ ढासळला म्हणावं तर तसंही नाही. २०२४-२५ मध्ये तो ६२ सामने खेळला, सरासरी २६.६ गुण आणि थ्री-पॉइंटरचा नेम ४३ टक्के. ट्रेडचं गणित शिकायला बसणाऱ्याने बॉक्स स्कोअर (सामन्यातल्या आकड्यांचा तक्ता) मिटवून आधी करार उघडावा, तो यासाठी.

२०२३ मध्ये ड्युरांटच्या करारात तो हंगाम धरून साडेतीन वर्षं शिल्लक होती. २०२५ मध्ये राहिलं होतं एकच वर्ष, सुमारे ५.४७ कोटी डॉलरचं. विकत घेणारा खेळाडू घेत नाही, त्याच्यावरचे हक्काचे हंगाम घेतो. पण वर्षं जास्त म्हणजे भाव जास्त, असा सरळ नियम लावलात तर फसाल. दहा वर्षं खेळलेल्या खेळाडूला सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारावर लीगने ठरवलेल्या मर्यादेच्या) ३५ टक्क्यांपर्यंत पगार मागता येतो. २०२५-२६ चा कॅप १५.४६ कोटी डॉलर, म्हणजे एकट्या माणसाला सुमारे ५.४१ कोटी. पस्तिशीतल्या खेळाडूच्या करारातलं शेवटचं वर्ष त्यामुळे ठेव नसून कर्जही असू शकतं. डेमियन लिलार्डसाठी मिलवॉकीने २०२३ मध्ये जरू हॉलिडे, २०२९ चा विनाअट पिक आणि दोन स्वॅप मोजले. एप्रिल २०२५ मध्ये त्याची टाचेची शीर, अकिलीस, तुटली. जुलैत संघाने त्याला करारातून मोकळं केलं आणि उरलेले सुमारे ११.२६ कोटी डॉलर पाच वर्षांवर पसरवले. वर्षाला साधारण सव्वादोन कोटी, आणि खेळाडू संघात नाही.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक होते ती पगार जुळवण्याच्या ठिकाणी. कॅपच्या वर असलेल्या संघांना ट्रेडमध्ये येणारे आणि जाणारे पगार जवळपास जुळवावे लागतात. ट्रेडमध्ये गेलेलं प्रत्येक नाव 'किंमत' म्हणून मोजलं जातं, पण त्यातली काही नावं फक्त वजनाला असतात. ह्यूस्टनचाच व्यवहार घ्या. २०२५-२६ साठी ग्रीनचे सुमारे ३.३३ कोटी आणि ब्रुक्सचे सुमारे २.११ कोटी, बेरीज ५.४४. समोर ड्युरांटचे ५.४७. काटा इतका जवळ येतो तो योगायोगाने नाही. फिनिक्स तेव्हा दुसऱ्या एप्रनच्या (कॅपच्याही बरीच वर आखलेल्या खर्चाच्या रेषेच्या) वरचा संघ होता, आणि अशा संघाला पाठवतो त्याहून एक डॉलरही जास्त पगार परत घेता येत नाही, दोन खेळाडूंचे पगार एकत्र बांधूनही पाठवता येत नाहीत. ह्यूस्टन त्या रेषेखाली, म्हणून त्याला दोघांची मोट बांधता आली. कुठलाही ट्रेड तपासताना दोन रकाने आखा: एकात पगार जुळवायला गेलेले, दुसऱ्यात खरी किंमत म्हणून गेलेले. ग्रीनसारखा तेवीस वर्षांचा खेळाडू दोन्हीकडे थोडाथोडा बसतो, आणि खरा वाद तिथेच असतो.

यानंतर गिऱ्हाईक मोजा. तीस संघांतून ज्यांना आत्ताच जिंकायचंय ते वेगळे काढा. त्यातून पगार जुळवू न शकणारे वगळा. उरलेल्यांतून जिथे जायला खेळाडू तयार नाही ते वगळा. बहुतेकदा तीन-चार संघ उरतात. एकच वर्ष शिल्लक असलेल्या स्टारने 'तिकडे करार वाढवणार नाही' एवढं कळवलं, तरी तो संघ हात आखडता घेतो. नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड न करण्याची अट, तर थेट कुलूपच. लीगमध्ये आठ वर्षं आणि त्याच संघाकडे चार वर्षं झाल्याशिवाय तो मागता येत नाही, त्यामुळे दिसतो क्वचितच. ब्रॅडली बीलकडे तो होता. फिनिक्सला त्याचा ट्रेड जमलाच नाही आणि जुलै २०२५ मध्ये बायआउट करावा लागला, म्हणजे पैसे देऊन करार संपवावा लागला. उलट घाई गिऱ्हाइकाला असेल तर भाव चढतो. २०२३ मध्ये मॅट इशबिया फिनिक्सचे मालक होऊन एक-दोन दिवसच झाले होते, तेवढ्यात ड्युरांटचा सौदा ठरला.

शरीराचा अंदाज वयावरून बांधू नका. प्लेऑफ धरून एकूण मिनिटं, मागच्या तीन हंगामांत हुकलेले सामने आणि दुखापत नेमकी कुठली, हे बघा. मग बास्केटजवळ घेतलेले शॉट आणि दर सामन्यातले फ्री थ्रो तीन वर्षांच्या ओळीत लिहा. दोन्ही घसरत असतील तर पहिल्या पावलातला झटका गेला, गुण तेवढेच पडत असले तरी. उंची, नेम आणि पासिंग उशिरा म्हातारे होतात. वेग आणि उडी लवकर.

बाजारही इथे चुकतो. २०१९ मध्ये ह्यूस्टनने चौतीस वर्षांचा ख्रिस पॉल ओक्लाहोमा सिटीला दिला आणि तिशीतला रसेल वेस्टब्रुक घेतला. पॉलचे तीन वर्षांचे सुमारे १२.४ कोटी डॉलर बाकी, म्हणून वर दोन फर्स्ट राउंड पिक आणि दोन स्वॅपही द्यावे लागले. दोनच वर्षांनी पॉल फिनिक्सला घेऊन फायनल्समध्ये होता. वेस्टब्रुक तोवर ह्यूस्टन सोडून वॉशिंग्टनला गेला होता.

पिक मोजताना नुसता आकडा धरू नका. प्रोटेक्शन (पिक ठरावीक वरच्या क्रमांकांत आला तर देणाऱ्याकडेच राहण्याची अट) आहे का, आणि त्या वर्षी देणारा संघ कुठे असेल, ते विचारा. म्हाताऱ्या स्टारसाठी दिलेले दूरच्या वर्षांचे पिक सर्वांत महाग पडतात, कारण तोवर तो स्टार गेलेला असतो आणि संघ खाली आलेला असतो. २०१३ मध्ये ब्रुकलिनने ३७ वर्षांचा केविन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पिअर्स घेताना बॉस्टनला तीन विनाअट पिक आणि २०१७ चा स्वॅप दिला. पिअर्स एका हंगामात गेला, गार्नेट दुसरा हंगाम संपायच्या आत. बॉस्टनला त्या पिकमधून जेलन ब्राउन मिळाला आणि स्वॅपच्या वाटेने जेसन टेटम.

डेडलाइनच्या, म्हणजे हंगामात ट्रेड करण्याच्या शेवटच्या, दिवशी भारतातून काम करणार असाल तर वेळ लिहून ठेवा: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी ३, म्हणजे आपल्याकडे रात्री दीड. आणि बातमी आली की लगेच हिशेब बंद करू नका. वैद्यकीय तपासणी त्यानंतर होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्सनी मार्क विल्यम्सचा जाहीर झालेला ट्रेड याच टप्प्यावर रद्द केला, आणि तो तर जेमतेम तेवीस वर्षांचा होता.