वायरलेस हेडफोनचे चार्जिंग कसे करावे आणि बॅटरी कशी जपावी

मे महिन्यातल्या दुपारी सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीची डिकी उघडली, की आतली गरम हवा तोंडावर येते आणि आत घडी करून ठेवलेल्या रेनकोटचाही हाताला चटका बसतो. नाशिकचा पारा त्या दिवसांत चाळिशीच्या आसपास असतो आणि बंद डिकीत तो त्याहून बराच वर जातो. माझा पहिला वायरलेस हेडफोन एक अख्खा उन्हाळा रोज आठ-नऊ तास अशाच डिकीत राहिला, कारण तो मला संध्याकाळी कामावरून सुटल्यावर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरताना लागत असे. नवा असताना एकदा चार्ज केला की चार दिवस चालणारा तो हेडफोन पावसाळा लागेपर्यंत दोन दिवसांतच मान टाकू लागला. मी केबल बदलली, अडॅप्टर बदलला, पण फरक पडला नाही, कारण दोष चार्जिंगमध्ये नव्हताच. तेव्हापासून बॅटरी लवकर उतरते अशी तक्रार घेऊन कोणी आले, की हेडफोन दिवसभर कुठे ठेवता, हेच मी आधी विचारतो.

या हेडफोनमध्ये लिथियम-आयन प्रकारचा सेल असतो. हा प्रकार १९९१ मध्ये बाजारात आला आणि त्याच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूच्या धातूच्या ऑक्साइडमधून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना परत फिरतात. सेल सरासरी ३.७ व्होल्टवर काम करतो आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास पोहोचतो. या येण्याजाण्यात आतल्या आत नको असलेल्या रासायनिक क्रिया थोड्या थोड्या चालूच असतात. उष्णता वाढली की त्यांचा वेग वाढतो आणि सेल काठोकाठ भरलेला असला तर आणखी वाढतो. त्यामुळे शंभर टक्के चार्ज केलेला हेडफोन उन्हात तापत पडणे, ही त्याच्या बॅटरीसाठी सर्वांत वाईट अवस्था होय. डिकी, गाडीचा डॅशबोर्ड आणि पश्चिमेकडच्या खिडकीचा कट्टा या तीन जागा उन्हाळ्यात कायमच्या वर्ज्य समजाव्यात. कार्यालयात नेणे शक्य नसेल, तर त्या दिवसांत हेडफोन घरीच ठेवलेला बरा.

पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, हा सल्ला आजही घरोघरी ऐकू येतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे आणि त्या बॅटऱ्यांपुरता तो योग्यही होता. लिथियम-आयनच्या बाबतीत मात्र तो उलट नुकसान करतो. बॅटरीचे आयुष्य चक्रांमध्ये मोजतात आणि एक चक्र म्हणजे एकूण शंभर टक्क्यांचा वापर. आज पन्नास टक्के वापरून चार्ज केले आणि उद्या पुन्हा पन्नास टक्के वापरले, तर दोन्ही मिळून एकच चक्र भरते. साधारण ३०० ते ५०० चक्रांनंतर बहुतेक सेलची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येते. थोडे थोडे चार्ज केल्याने चक्रे वाया जात नाहीत आणि सेलला दोन्ही टोके गाठावी लागत नाहीत, हा दुहेरी फायदा आहे. म्हणून बॅटरी वीस-तीस टक्क्यांवर आली की चार्जिंगला लावावे आणि रोजच्या वापरासाठी ऐंशीच्या आसपास काढून घ्यावे.

बहुतेक हेडफोनमध्ये ऐंशीला आपोआप थांबण्याची सोय नसते, त्यामुळे वेळेचा अंदाज ठेवावा लागतो. चार्जिंगचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि शेवटच्या टप्प्यात प्रवाह हळूहळू कमी होत जातो, म्हणून शेवटच्या काही टक्क्यांना प्रमाणाबाहेर वेळ लागतो. समजा, पूर्ण उतरलेला हेडफोन दोन-अडीच तासांत भरत असेल, तर संध्याकाळी चहा ठेवताना लावून स्वयंपाकाच्या सुमारास काढला, की काम भागते. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जायचे आहे आणि दिवसभर हेडफोन लागणार आहे, अशा वेळी आदल्या रात्री बेलाशक पूर्ण चार्ज करावा. आतले सर्किट पूर्ण भरल्यावर प्रवाह तोडते, त्यामुळे रात्रभर लावून ठेवल्याने सेल जास्त भरत नाही; मात्र रोज रात्रभर असे ठेवल्यास तो आयुष्याचा मोठा भाग काठोकाठ भरलेल्या अवस्थेत काढतो. महिन्यातून चार वेळा तसे झाले तर त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

अडॅप्टरविषयी मनात उगाच भीती असते. फोनबरोबर आलेला ३३ किंवा ६७ वॅटचा अडॅप्टर लावला म्हणून हेडफोनमध्ये तेवढी वीज घुसत नाही. चांगला अडॅप्टर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो आणि समोरच्या उपकरणाने मागितल्याशिवाय व्होल्टेज वाढवत नाही. हेडफोन स्वतःला हवा तेवढाच प्रवाह ओढतो. खरा धोका आहे तो निनावी, हलक्या, स्वस्त अडॅप्टरचा, ज्यातून स्थिर ५ व्होल्ट मिळतीलच याची खात्री नसते. घेताना भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि तिच्याखालचा नोंदणी क्रमांक पाहावा. खर्चाचे म्हणाल, तर ६०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता मोजण्याचे माप) सेल म्हणजे सव्वादोन वॅट-तास. वाटेतली गळती धरून रोज एकदा पूर्ण चार्ज केला, तरी वर्षाकाठी साधारण एक युनिट वीज लागते.

आता अशा दोन अडचणी सांगतो, ज्यांच्यामुळे चांगले हेडफोन बिघडले समजून दुकानात नेले जातात. पहिली अशी, की दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या केबलने काही स्वस्त हेडफोन चार्जच होत नाहीत. अशा केबलवर समोर कोणते उपकरण आहे हे अडॅप्टरला कळण्यासाठी हेडफोनच्या आत दोन छोटे रेझिस्टर, म्हणजे वीजप्रवाहाला अडथळा करणारे बारीक भाग, असावे लागतात. खर्च वाचवण्यासाठी ते गाळले असतील, तर अडॅप्टर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी-ए पिन असलेली केबल लावली, की तोच हेडफोन लगेच चार्ज होऊ लागतो. दुसरी अडचण पॉवर बँकेची आहे. हेडफोन, विशेषतः कानात घालायचे इअरबड ज्यात ठेवून चार्ज होतात ती डबी, इतका कमी प्रवाह ओढते, की काहीच जोडलेले नाही असे समजून पॉवर बँक थोड्या वेळाने स्वतःच बंद होते. काही पॉवर बँकांमध्ये कमी प्रवाहासाठी वेगळी सोय असते आणि बटण दोनदा दाबून किंवा दाबून धरून ती सुरू करता येते. ती नसेल, तर लॅपटॉपच्या पोर्टवरून चार्ज करावे.

चार्जिंग चालू असताना हेडफोन कठीण, मोकळ्या जागी असावा. गादी, उशी, सोफा येथे उष्णता अडकते. सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचा राउटर स्वतःच गरम असतात, तरी नेमके त्यांच्यावर हेडफोन ठेवायची अनेकांना सवय असते. उन्हातून घरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नये. पंख्याखाली वीस मिनिटे ठेवून, हाताला गार लागला की लावावा. थंडीचा विचार नाशिककरांना फारसा करावा लागत नाही. शून्याखालच्या तापमानात चार्ज केल्यास सेलमध्ये धातुरूप लिथियमचा थर जमून कायमचे नुकसान होते हे खरे, पण निफाडला पारा ५ अंशांच्या खाली गेला तरी घरातली खोली तितकी गारठत नाही. हिवाळ्यातल्या पहाटे बॅटरी थोडी लवकर उतरली, तर ती उबेत पूर्ववत होते.

कानात घालायच्या इअरबडची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. डोक्यावरच्या हेडफोनमध्ये साधारण ४०० ते ८०० एमएएचचा सेल असतो, तर एका बडमध्ये ३० ते ६० एमएएचचा. हेडफोन एका चार्जिंगवर चाळीस तास चालत असेल आणि आपण रोज पाच-सहा तास ऐकत असलो, तर आठवड्याला एक चक्र होते. पाच तास चालणाऱ्या बडचे तेवढ्याच वापरात रोज एक चक्र होते. म्हणजे ४०० चक्रे बडच्या बाबतीत तेरा-चौदा महिन्यांत संपतात. बड दोन वर्षांतच थकतात याचे कारण बहुधा हेच असते, वस्तू खोटी निघाली असे नव्हे. म्हणून घरी बसून तासन्‌तास ऐकायचे असेल, तेव्हा शक्य असल्यास डोक्यावरचा हेडफोन वापरावा आणि बड बाहेरच्या कामासाठी राखावेत. फोनवर बोलताना एकच बड वापरायची सवय असेल, तर उजवा-डावा आलटून पालटून घ्यावा. नाहीतर एक बाजू दुसरीच्या आधी म्हातारी होते.

एक बड चार्ज होत नसेल, तर बॅटरीला दोष देण्याआधी डबीत डोकावून पाहावे. दिव्याखाली डबी तिरकी धरली, की बड बसतो त्या खळग्याच्या तळाशी दोन-तीन सोनेरी पिना दिसतात. त्या स्प्रिंगवर असतात आणि बोटाने हलकेच दाबल्या की आत जाऊन वर येतात. त्यांच्याभोवती कानातला मळ, घाम आणि धूळ यांचा पिवळसर-काळा थर जमतो आणि पावसाळ्यात कधी कधी पिनेच्या टोकाला हिरवट छटाही येते. पिन एका बाजूने वर आलेली नसली, तर बड डबीत नीट बसलेला दिसतो, पण त्याला वीज मिळत नाही. सुक्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब लावून पिना आणि त्यांना टेकणाऱ्या बडवरच्या धातूच्या चकत्या पुसाव्यात, पाच-दहा मिनिटे वाळू द्याव्यात आणि मगच बड आत ठेवावा. टाचणी, सुई, सुरीचे टोक यांचा मुळीच उपयोग करू नये, कारण वरचा सोन्याचा मुलामा खरवडला गेला की पिन झपाट्याने गंजते. हे काम महिन्यातून एकदा केले तरी पुरते.

पावसात भिजलेला किंवा घामाने ओला झालेला बड तसाच डबीत ठेवणे ही मोठी चूक होय. ओल्या पिनांमधून वीज वाहू लागली, की धातू झिजतो. पाणीरोधक दर्जा लिहिलेला असला, तरी अनेकदा तो फक्त बडपुरता असतो, डबीला लागू नसतो. मऊ सुती कापडाने पुसून तासभर उघड्यावर ठेवावे. तांदळाच्या डब्यात पुरणे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा मारणे टाळावे.

परीक्षेमुळे किंवा लांबच्या प्रवासामुळे हेडफोन महिना-दोन महिने कपाटात राहणार असेल, तर तो पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नये. पन्नास टक्क्यांच्या आसपास आणून, बंद करून, गार व कोरड्या कप्प्यात ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पुन्हा तेवढा चार्ज करावा. बडच्या बाबतीत डबीही अर्धी भरलेली असावी, कारण बड डबीतूनच वीज घेत राहतात आणि डबी रिकामी झाल्यावर तेही शून्याला जातात. फार उतरलेला सेल चार्जिंगला लावल्यावर लगेच दिवा लागला नाही, तर निराश होऊ नये. सर्किट आधी अगदी बारीक प्रवाह देऊन सेल वर आणते, म्हणून अर्धा-पाऊण तास वाट पाहावी.

हेडफोनचा सेल बदलता येतो, पण तो जाणकाराकडून बदलून घ्यावा. महात्मा गांधी रस्त्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलात, तर नवा सेल बसवण्याआधी हातात घेऊन त्यावरचा आकडा वाचावा. ५०२०३० असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ जाडी ५ मिलिमीटर, रुंदी २० आणि लांबी ३०. एवढ्या आकाराच्या सेलमध्ये साधारण २५० एमएएच मावतात. त्यावर ८०० छापलेले असेल, तर तो घेऊ नये. जुन्या सेलला तीन तारा असतील, तर तिसरी बहुधा तापमान मोजण्यासाठी असते आणि दोन तारांचा सेल जोडून ती तशीच सोडू देऊ नये.

हेडफोनचे कवच सांध्यातून उघडू लागले, कानाची गादी एका बाजूने उचलली गेली किंवा आतून गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला, तर बॅटरी फुगली असे समजावे. त्या क्षणी चार्जिंगचे बटण बंद करून केबल काढावी आणि हेडफोन पुन्हा चार्जिंगला लावू नये. दाबून सपाट करण्याचा किंवा टोचून हवा काढण्याचा प्रयत्न आग लावू शकतो. तो मातीच्या कुंडीत किंवा फरशीवर, पडदे-कागदांपासून दूर ठेवावा. असा सेल घंटागाडीतल्या ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नये, कारण गाडीत कचरा दाबला जाताना तो फुटला, तर आग थेट घंटागाडीवर काम करणाऱ्या माणसांजवळ लागते. बॅटरी कचऱ्याविषयीच्या २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे सेल सुटा असेल तर त्याच्या तारांची टोके वेगवेगळी चिकटपट्टीने गुंडाळून, आणि सुटा नसेल तर अख्खा हेडफोनच, कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा.