ट्रॅकिंगच्या मदतीने ऑफसाइड कसा तपासावा

फुटबॉलमध्ये ऑफसाइड (पास निघताना आक्रमक चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे असणं) तपासताना सगळ्यांचं लक्ष पडद्यावरच्या रेषेकडे असतं. पण चूक बहुधा रेषेआधीच होते, चेंडूला पाय नेमका कधी लागला ते ठरवताना. नेहमीच्या प्रक्षेपणात सेकंदाला 50 चित्रं, म्हणजे दोन चित्रांमध्ये 20 मिलिसेकंद. सेकंदाला 8 मीटर वेगाने धावणारा आक्रमक तेवढ्यात 16 सेंटिमीटर पुढे जातो. बचावपटूही उलट दिशेने धावत असेल, तर फरक आणखी वाढतो.

कतारमधल्या 2022 च्या विश्वचषकात म्हणूनच दोन यंत्रणा एकत्र वापरल्या. छताखालचे 12 कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 पर्यंत बिंदू सेकंदाला 50 वेळा नोंदवत होते (हेच ट्रॅकिंग), आणि ‘अल रिहला’ चेंडूतला सेन्सर सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवत होता.

अशी यंत्रणा हाताशी असली तरी व्हीएआरने (व्हिडिओ पाहून मुख्य पंचांना मदत करणाऱ्या पंचाने) आधी मैदानावरचा निर्णय मुख्य पंचांकडून शब्दांत वदवून घ्यावा: ‘गोल’ की ‘ऑफसाइड’. 30 सप्टेंबर 2023 ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझचा गोल वैध होता. मैदानावर ऑफसाइड दिला होता, पण व्हीएआरचा समज झाला की गोल दिलाय, आणि त्याने ‘चेक कम्प्लीट’ (तपासणी पूर्ण) असं कळवलं. खेळ पुन्हा सुरू झाला, मग मागे फिरणं नियमातच बसत नव्हतं. रेषा बरोबर, गोल मात्र गेला.

मग पासचा क्षण. चेंडूला झालेला पहिला स्पर्श धरायचा. गोलरक्षकाने हाताने फेकला असेल तर शेवटचा. सेन्सरची नोंद चित्राशी ताडून बघाच, कारण चेंडू टप्पा खाल्ला किंवा खांबावर आदळला तरी आलेख उसळतो. मध्ये सहकाऱ्याचं डोकं निसटतं लागलं असेल, तर ऑफसाइडचा क्षणच बदलतो. इथे सेन्सरसारखा साक्षीदार नाही: त्याच विश्वचषकातल्या पोर्तुगाल-उरुग्वे सामन्यात रोनाल्डोच्या डोक्याचा स्पर्श झालाच नव्हता हे सेन्सरनेच दाखवलं आणि गोल ब्रुनो फर्नांडिसच्या नावावर राहिला.

आता शरीराचे बिंदू. हात मोजायचा नाही. काखेच्या तळापर्यंतचा खांदा मोजायचा. तुलना शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याशी. एरवी सगळ्यात मागे गोलरक्षक असतो, पण तो पुढे आला असेल तर शेवटचे दोघे वेगळेच खेळाडू निघतात, तेव्हा यंत्रणेने निवडलेलं नाव डोळ्यांनी तपासा. आक्रमक आणि तो प्रतिस्पर्धी समान रेषेत असतील तर ऑफसाइड नाही.

ट्रॅकिंगचं काम इथे संपतं. ऑफसाइड जागी उभ्या खेळाडूने गोलरक्षकाची नजर अडवली का, बचावपटूने चेंडू जाणूनबुजून खेळला का, हे पंचांनीच ठरवायचं. त्यासाठी मुख्य पंचांना मैदानाकडेच्या पडद्याजवळ बोलवायला कचरू नये.

गर्दीत मात्र ट्रॅकिंग अडखळतं. खेळाडू एकमेकांना झाकतात, कुणाचा गुडघा कुणाचा ते यंत्रणेला उमगत नाही. 1 मार्च 2025 च्या बोर्नमथ-वुल्व्ज एफए कप सामन्यात असंच झालं आणि तपासणी सुमारे 8 मिनिटं लांबली. म्हणून प्रत्येक सामन्याआधी हाताने आखायच्या रेषांचं कॅलिब्रेशनही (मैदानाशी अचूक जुळवणी) करून ठेवा, आणि बिंदू जुळत नाहीत असं दिसताच पंचांना तसं सांगून लगेच त्या रेषांकडे वळा.